‘जिप्सी’ म्हणजे नाट्यधंद्याचा गौरव? जरा नीट बघा!

तिसरीघंटा:
‘हलकीफुलकी ब्रॉडवे नाटकं’ अशा यादीत एका सदस्याने ‘जिप्सी’ हे संगीत नाटक ‘नाट्यधंद्याचा गौरव’ म्हणून घातलंय. वर त्यातलं गाणं ‘एव्हरीथिंग्ज कमिंग अप रोझेस’ वाढदिवसाला लावायची शिफारस! गाणं येतं कुठे ते तरी बघायचं. पहिल्या अंकाचा शेवट, रेल्वेचा फलाट. जिच्या जिवावर सगळा खेळ चालला ती रोझची धाकटी मुलगी जून लग्न करून पळालेली. रोझचा प्रियकर हर्बी म्हणतोय, आता पुरे, संसार थाटू. आणि ही रोझबाई थोरल्या लुईझकडे वळते: आता तुला स्टार करते! संगीतकार ज्यूल स्टाइनची चाल छाती काढून चाललीय आणि हर्बी-लुईझ भेदरून उभे. दिग्दर्शकाने त्या दोघांना अंधारात ठेवलं तर गाणं खरंच वाढदिवसाचं होतं. सगळी गोम त्या दोन चेहऱ्यांवरच्या प्रकाशात आहे.

ऑर्गनवाली:
एवढं चिडायला काय झालं? 1959 मध्ये लोक पहिली रोझ झालेल्या एथेल मर्मनचा गळा ऐकायला आले होते, मानसशास्त्र शिकायला नाही. स्टाइनने चाली तिच्या मापाने बेतल्या. स्टीफन साँडहाइमच्या वाट्याला नुसते गाण्यांचे शब्द आले, कारण बाईंना नवखा संगीतकार नको होता. बाईंना कळत होतं! आणि गौरव नाही म्हणता, तर बर्लेस्कमधल्या, म्हणजे कपडे उतरवत नाचण्याच्या खेळातल्या, तीन नर्तकींच्या ‘यू गॉटा गेट अ गिमिक’ गाण्याचं काय? माझेपाची तुतारी, इलेक्ट्राच्या अंगावरचे दिवे, टेसी टुराचा बॅले. त्या तिघी प्रेक्षागृह डोक्यावर घेतात.

विंगेतला:
घेतात ना! पण त्या सांगतात काय? की कला नसली तरी चालेल, एखादी क्लृप्ती हवी. छान गौरव आहे. आणि ‘लेट मी एंटरटेन यू’ विसरलात. सुरुवातीला हीच चाल दोन लहान मुली निवड-चाचणीत गोड गातात. दुसऱ्या अंकात त्याच चालीवर लुईझ बर्लेस्कमध्ये हातमोजा उतरवते. आधी आवाज फुटत नाही, मग गावोगाव धीट होत जाते. चाल ओळखीची म्हणूनच बोचते. त्यामुळे मुलींच्या वेळी ती घाईत उरकली, की पुढचा परिणाम गेला. नवं गाणं लिहिलं असतं तर हे साधलंच नसतं.

ऑर्गनवाली:
बरं बाबा, चाल हुशारीने वापरलीय, दिलं. पण ती ऐकू यायला गळा लागतो! मर्मनच्या अंगावर माईक नव्हता. हल्ली गालाला बोंडं चिकटवून कुजबुजतात आणि त्याला अभिनय म्हणतात. आपल्या संगीत नाटकाचंही वाटोळं माईकनेच केलं.

फेडर:
झालं, आली गाडी माईकवर. गालाला नव्हे, केसांच्या रेषेत, कपाळाच्या वर लावतात, म्हणजे मान वळली तरी अंतर तेच राहतं. कुजबूज वाढवायला लावत नाहीत हो. माईक नसेल तर वाद्यवृंदाला गाण्याखाली दबून वाजवावं लागतं. आणि ‘जिप्सी’त खरी पंचाईत लुईझची. कपडे उतरवायचे, मग माईकचा ट्रान्समीटर कमरेला बांधणार कुठे? विगखाली जातो. तिथे घाम. घाम कॅप्सूलवर, म्हणजे माईकच्या टोकावर, आला की वरचे स्वर मरतात, आवाज गोधडीतून आल्यासारखा. म्हणून दुसरा कॅप्सूल तयार ठेवतात. माझेपाच्या माईकचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, तुतारीच्या आधी खाली ओढायचा, फुंकल्यावर नाही. उशीर झाला की पहिलाच स्वर फाटतो.

ऑर्गनवाली:
म्हणजे नटीपेक्षा तुमचा फेडरच जास्त अभिनय करतो. धन्यवाद, माझाच मुद्दा.

फेडर:
लोंबत्या माईकखाली जाऊन उभं राहून पद म्हणणं हा अभिनय होता वाटतं?

तिसरीघंटा:
अहो, धागा कशावर आहे! ‘रोझेस टर्न’वर, रोझच्या शेवटच्या गाण्यावर बोला. तिथे आधी दिग्दर्शक जेरोम रॉबिन्सचा बॅले व्हायचा होता, वेळ उरला नाही. मग साँडहाइम आणि रॉबिन्सने एका रात्री आधीच्या गाण्यांचे तुकडे जोडून तो प्रसंग उभा केला. रोझ रिकाम्या रंगमंचावर कोसळते. साँडहाइमला तिथे टाळ्या नको होत्या, शेवट अधांतरी ठेवला होता. ब्रॉडवेआधीच्या फिलाडेल्फियाच्या प्रयोगांत साँडहाइमचा गुरू ऑस्कर हॅमरस्टाइनने बजावलं: टाळ्यांना वाट द्या, नाहीतर लोक त्या अडवून बसतील आणि पुढचा मायलेकींचा प्रसंग ऐकणारच नाहीत.

ऑर्गनवाली:
बघा! गुरूलाही टाळ्याच हव्या होत्या. आमच्या वन्समोअरला मात्र नावं ठेवता.

विंगेतला:
वन्समोअरने नाटक थांबतं, इथे टाळ्या नाटकातच घेतल्यात. 1974 मध्ये नाटकाचा लेखक आणि तेव्हाचा दिग्दर्शक आर्थर लॉरेंट्सने रोझ करणाऱ्या अँजेला लॅन्सबरीला टाळ्या थांबल्यावरही वाकून नमस्कार करत ठेवलं. प्रेक्षक गप्प, ही वाकतेच आहे. तेव्हा कळतं की टाळ्या तिच्या डोक्यात वाजतायत. नमस्कार लवकर आवरले तर टाळ्याच संपलेल्या नसतात, मग वेड दिसत नाही. फार लांबले तर लोक हसतात.

ऑर्गनवाली:
लॅन्सबरीला रोझसाठी टोनी पारितोषिक मिळालं, पुढे टाइन डेली आणि पॅटी लुपोनलाही. मर्मनला नाही. तुमच्या वेडाला बक्षिसं, गळ्याला ठेंगा!

तिसरीघंटा:
मर्मनच्या वेळी टोनीसाठी गायिका-नटी मेरी मार्टिन समोर होती, तीही गळ्याचीच.

फेडर:
त्या नमस्कारांत माईक चालूच ठेवा. धाप ऐकू येऊ दे.

ऑर्गनवाली:
धाप? मर्मनला लागत नव्हती.