नव्या दुनळीत शिसं धरतंय, काय करावं?

कोयनाकाठ (पाटण)

राम राम मंडळी. शेतीरक्षणाचा परवाना वडिलांच्या नावावर होता, तो आता माझ्या नावावर झालाय. जुनी एकनळी डीलरकडे देऊन यंदा नवी कोरी बारा बोअरची दुनळी घेतली, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) 70 मिमीचं. मागे क्लबच्या रेंजवर कागद लावून दोन्ही नळ्यांतून छर्रे किती पसरतात ते बघून घेतलं. काडतुसं मिसळ होती. थोडी प्लास्टिकच्या कपाची, बाकी जुन्या पद्धतीची, आत नमद्याची गादी असलेली.

घरी येऊन नळ्या उतरवल्या आणि आभाळाकडे धरून मागून बघितलं. मधला भाग लख्ख, पण चेंबर संपतं तिथून पुढं चार बोटं राखाडी ओरखडे. डाव्या नळीच्या तोंडाशीही तसेच. रॉकेलच्या चिंध्या ओढल्या. आधी काळ्या आल्या, मग पांढऱ्या यायला लागल्या, ओरखडे मात्र जागच्या जागी.

मेव्हणे म्हणतात नळी खराब निघाली, परत कर. भाचा म्हणतो व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून ठेव, व्हिडिओत दाखवलंय. एकानं तर कराडात लेथवर आतून पॉलिश मारून आण म्हणून सुचवलं. पावसाळा तोंडावर आहे आणि आमच्याकडं जूननंतर कपाटातले कपडेसुद्धा ओले लागतात. कुणाचं ऐकू?

(आधीच सांगतो, रानात बार काढायचा तो डुकरं हुसकायला. मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, ते माहीत आहे.)

सांगलीवाडीचा

शिसंच आहे कशावरून? प्लास्टिकच्या कपाचाही थर बसतो. माझ्या नळीतून ब्रश फिरवल्यावर पातळ पापुद्रे निघाले होते. थोडं ॲसिटोन लावून बघा, पण लाकडाला आणि वार्निशला थेंब लागू देऊ नका.

निवृत्त आर्मरर (सातारा)

सांगलीकरांची शंका रास्त आहे, पण गादीची काडतुसं जास्त उडवलीत म्हणताय, तेव्हा हे शिसंच असणार. खात्री करायची तर ब्रश फिरवून जो चुरा पडेल तो पांढऱ्या कागदावर घ्या आणि बोटाला चिंधी गुंडाळून कागदावर घासा. शिसं असेल तर करडी रेघ उमटते. प्लास्टिक नुसतं गुंडाळतं, रेघ उठत नाही.

नळी खराब नाही, ते डोक्यातून काढून टाका. बारा बोअर म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या गोळ्या एका रत्तलात (पौंडात) बारा बसतात, म्हणजे आतला व्यास साधारण साडेअठरा मिमी. चेंबर त्याहून रुंद असतं. चेंबरमधून नळीत उतरताना जो निमुळता भाग लागतो, तिथं सगळे छर्रे एकदम दाबले जातात आणि बाहेरच्या रांगेतले भिंतीला घासतात. पुढं तोंडाशी चोक, म्हणजे नळीचं आवळलेलं तोंड, तिथं पुन्हा दाबले जातात. तुमची डावी नळी जास्त चोकाची असणार, दुनळीत बहुधा तसंच असतं, आणि पूर्ण चोक म्हटला की जवळजवळ एक मिमीनं तोंड आवळलेलं. म्हणून ओरखडे नेमके त्या दोन जागी आणि मधे लख्ख. नव्या नळीत रीमरच्या (नळी आतून कापायच्या हत्याराच्या) बारीक खुणा शिल्लक असतात, त्या कानशीगत मऊ शिसं खरवडून घेतात. अँटिमनी घातलेले कडक छर्रे कमी घासतात. कपाच्या काडतुसात तर छर्रा भिंतीपर्यंत पोचतच नाही. वापरानं आणि ब्रशनं खुणा गुळगुळीत होत जातात, तसं शिसं धरणंही कमी होतं.

आता काढायचं कसं. पहिलं काम, दोन्ही चेंबर रिकामे आहेत हे डोळ्यानं बघा आणि बोट घालून चाचपा. काडतुसं त्या खोलीतच ठेवू नका. नळ्या उतरवा. रॉकेलनं शिसं जाणार नाही, आणि रॉकेल आता मिळतं कुठं म्हणा. दुकानात बोअर सॉल्व्हंट मिळतं ते दारूची काजळी विरघळवतं, शिसं नाही. अमोनियाच्या वासाचं असतं ते रायफलीतल्या तांब्यासाठी, तुम्हाला उपयोग शून्य. तरी सॉल्व्हंट किंवा पातळ तेल लावायचंच, कारण ते ओरखड्याच्या खाली झिरपतं आणि पकड सैल करतं. रात्रभर नळ्या आडव्या ठेवा. सकाळी फॉस्फर ब्राँझचा ब्रश, लोखंडी तारेचा मुळीच नाही, चेंबरकडून घाला आणि तोंडातून पूर्ण बाहेर काढा, मगच मागं ओढा. अर्ध्यात उलटा फिरवला की काड्या वाकतात आणि ब्रश बाद. निमुळत्या भागासाठी ब्रश थोडा जाड लागतो. बारा बोअरचा झिजलेला असेल तर दहा बोअरचा घ्या. मधेमधे तेलाची चिंदी ओढून चुरा बाहेर काढा. चकाकणारे कण यायचे थांबले की पुन्हा उजेडात बघा.

व्हिनेगर-पेरॉक्साइडचं भाच्याला सांगा, त्यातून लेड ॲसिटेट तयार होतं. ते पाण्यात विरघळणारं विष आहे, शिवाय पोलादाला खड्डे पडतात ते वेगळंच. जुने लोक नळीत पारा फिरवायचे, तेही कुणी सुचवलं तर हात जोडा. लेथवर तर चुकूनही नाही. आतून काय खरवडायचं असेल ते परवानाधारक गनस्मिथकडंच. चोक एकदा घासला गेला की परत येत नाही.

आणि एक, इकडची माणसं हे ऐकत नाहीत म्हणून मुद्दाम लिहितो. सफाई करता करता तंबाखू मळू नका. बोटाला लागलेलं शिसं चुन्याबरोबर थेट तोंडात जातं. काम अंगणात करा, पोरांना लांब ठेवा, नंतर साबणानं हात धुवा. चिंध्या चुलीत किंवा बंबात घालू नका आणि गोठ्याकडं तर टाकूच नका. जनावरं तेलकट, शिसं लागलेलं काहीही चाटतात, आणि शिशाची बाधा गाईम्हशींना पटकन होते.

दुनळीवाला (वाई)

काकांचं बाकी सगळं मान्य. पण ब्रशला चार शून्यांची (0000, अगदी बारीक) स्टील वूल गुंडाळून फिरवली की निम्म्या वेळात काम होतं. आमच्याकडं वर्षानुवर्षं हेच चालतं, नळीला काही झालेलं नाही.

निवृत्त आर्मरर (सातारा)

चार शून्यांचीच असेल, तेलात भिजवलेली असेल आणि हातानं फिरवणार असाल तर मी भांडणार नाही. पण आपल्याकडं दुकानात "स्टील वूल द्या" म्हटलं की भांडी घासायची तार हातात देतात आणि घरी आणल्यावर कुणीतरी ती ड्रिलला लावतं. नव्या बंदुकीला आधी ब्रशनंच करू द्या. ब्रशनं नाहीच गेलं तर तुमचा उपाय.

कोयनाकाठ (पाटण)

सगळ्यांचे आभार. रात्रभर तेल ठेवून सकाळी ब्रश मारला. कागदावर चुरा घासला तर रेघ करडीच उठली, म्हणजे शिसंच. उजवी नळी पूर्ण साफ झाली. डावीत चोकाच्या सुरुवातीला एका बाजूला नखाएवढा डाग राहिलाय, तो हलत नाही. आणि दुसरं, आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करायचा आदेश येतो. तेव्हा आतून काय लावून द्यायची?

निवृत्त आर्मरर (सातारा)

एकाच बाजूला डाग म्हणजे तिथं रीमरची खूण खोल असावी. पुढच्या वेळी बार झाल्यावर तिथंच धरतंय का बघा. चोकाभोवती सारखा पसरला तर दुर्लक्ष करा. त्याच जागी दाट होत गेला तर मात्र डीलरला दाखवा. नवीन आहे तोवर दाखवलेलं बरं. त्याला दाखवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, चेंबरकडून उजेड आणि तोंडाकडून कॅमेरा.

जमा करताना नळीत घट्ट तेलाचा थर द्या, नुसतं शिवणयंत्राचं तेल पातळ असतं, फार टिकत नाही. शिसं आधी काढलेलं हवं, कारण त्याच्याखाली ओल धरली की गंज आतून खातो आणि वरून दिसत नाही. नळीच्या तोंडात बोळा कोंबू नका, तो पाणी धरून ठेवतो आणि कुणी विसरलं तर बार काढताना नळी फुटते. कापडी खोळ चालेल, चामड्याची नको. पावतीवर बंदुकीचा नंबर नीट लिहिलाय का बघा, आणि परत आणल्यावर पहिला बार काढायच्या आधी तेल कोरडं पुसून टाका.