माल्थस, नंदुरबार आणि केळीचं पाणी
काही जण म्हणतात की नंदुरबारची लोकसंख्या 2001 ते 2011 मध्ये 25 टक्क्यांनी वाढली, म्हणजे वर्षाला अडीच, म्हणजे ‘लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते आणि टंचाई येते’ म्हणणारा इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थस खरा. आधी गणित. वाढ चक्रवाढीने मोजायची, दर 2.3 च्या आसपास येतो. 70 ला त्याने भागा, दुप्पट व्हायला साधारण 30 वर्षं. जळगावची दशकवाढ 15 च्या आत, तिथे हाच काळ 50 वर्षं. एकाच खानदेशात एवढा फरक! शिवाय जननदर घटला तरी तरुण जोडपी जास्त असल्याने आकडा काही दशकं चढतच राहतो.

आता पाणी. जळगावच्या केळीपट्ट्यात, रावेर-यावलला, विहिरी तळाला गेल्या त्या खाणारी तोंडं वाढली म्हणून? पाच बाय पाच फुटांवर एकरी 1,740 केळी बसतात. भर उन्हाळ्यात ठिबकवर झाडाला रोज 20 लिटर धरा, झाले 35 हजार लिटर. ग्रामीण नळयोजनेचा निकष माणशी 55 लिटर. म्हणजे एका एकरात सहाशेवर माणसांचं पाणी, आणि घड निघाले उत्तरेला! माल्थसने 1798 मध्ये मांडलेल्या हिशोबात हा रकाना नाही.

डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरुपबाईंचं माल्थसच्या उलटं (1965): लोकसंख्येचा दाब वाढला की शेती सुधारते. पण आपोआप नाही. धुळ्याच्या पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावरची सामाईक सिंचन व्यवस्था, बघा: एका फडात (शेतांच्या गटात) एकच पीक आणि पाणी सोडणार सगळ्यांनी नेमलेला पाटकरी, शेतकरी नव्हे. बोअरला असा पाटकरी कुठाय?