रोममध्ये शनिवार-रविवार, तिघंही शाकाहारी: क्रम कसा लावावा?

रानजाई
मार्चच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी रोमला जायचं ठरतंय. शुक्रवारी रात्री साडेनऊला फ्युमिचिनो विमानतळावर उतरू, रविवारी रात्री आठला परतीचं विमान. तिघं आहोत. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण सपाटीवर तीन-चार किलोमीटर चालतात. मांस-मासे कोणीच खात नाही, सासूबाई अंडंही खात नाहीत. हॉटेल तेर्मिनी स्टेशनजवळ घेतलंय. शनिवारी कलोसियम आणि जुनं रोम, रविवारी व्हॅटिकन असा बेत आहे. तिकिटं अजून काढलेली नाहीत. काही चुकतंय का? आणि जेवायला पास्ता-पिझ्झा आहेच म्हणतात, तेवढ्यावर निभेल का?

पायवाट
बेत उलटा करा, आजच. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी उघडतात, तीही फुकट, त्यामुळे त्या दिवशी रांग भिंतीला वळसा घालून जाते. तुमचा दुसरा रविवार, म्हणजे बंदच. शिवाय रविवारी दुपारी १२ वाजता पोप सेंट पीटर्स चौकाकडच्या खिडकीतून दर्शन देतात, तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते.

शनिवारी मेट्रोच्या ए मार्गाने ओत्ताव्यानोला उतरा आणि सातला सेंट पीटर्स बॅसिलिका उघडताच आत जा. प्रवेश फुकट आहे, पण सुरक्षा तपासणीची रांग दहानंतर तास-दीड तासाची होते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, दारावर अडवतात. घुमटाच्या वाटेला जाऊ नका. एकूण ५५१ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात, त्याही अरुंद, मध्ये परत फिरायची सोय नसलेल्या.

संग्रहालयाचं तिकीट साडेनऊचं काढा. चौकातून संग्रहालयाचं दार दिसत नाही. भिंतीच्या कडेने वळसा घालत १५ ते २० मिनिटं चालावं लागतं आणि शेवटी चढ आहे. सासूबाईंचा वेग धरून तीस मिनिटं ठेवा. तिकीट २० युरो आणि ऑनलाइन आरक्षणाचे ५, हे व्हॅटिकनच्या अधिकृत साइटवर. तशाच दिसणाऱ्या इतर साइट्स तेच तिकीट दुप्पट किमतीला विकतात, पत्ता नीट बघा. आत सगळं बघायच्या फंदात पडू नका. नकाशांचं दालन, राफाएलच्या खोल्या आणि सिस्टीन चॅपेल, एवढ्यालाच अडीच-तीन तास जातात.

दुपारी हॉटेलवर पाठ टेका. साडेतीननंतर पँथिऑन (जुनं रोमन देऊळ, आता चर्च), नवोना चौक आणि अंधार पडल्यावर त्रेवी कारंजं. हे तिन्ही एकमेकांपासून चालत पाच ते पंधरा मिनिटांवर आहेत. पँथिऑनला जुलै २०२३ पासून तिकीट लागतं, आणि शनिवारी संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, म्हणून ते आधी उरकून घ्या.

रविवारी सकाळी नऊचं कलोसियम. तिकिटं भेटीच्या ३० दिवस आधी खुली होतात, त्यावर नाव छापलेलं असतं, ओळखपत्र लागतं. १८ युरोच्या साध्या तिकिटात फोरम (जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि त्याला लागून असलेली पॅलॅटाइन टेकडी येते. वरच्या मजल्यासाठी लिफ्ट आहे. खरी अडचण फोरममध्ये येते: जुन्या रस्त्यांचे काळे दगड वर-खाली झालेले आहेत, घोटा मुरगळतो. सासूबाईंना आत नेऊ नका. कॅपिटोल टेकडीवर महापालिकेच्या इमारतीच्या मागे कठडा आहे, तिथून अख्खं फोरम पायाखाली दिसतं, फुकट. कलोसियमपासून तिथपर्यंतचा मोठा रस्ता रविवारी गाड्यांना बंद असतो, त्यामुळे चालणं निवांत होतं. टेकडीवर पायऱ्यांपेक्षा समोरचा रुंद उतार बरा.

कोथिंबीर
जेवणाचं सांगते. "पास्ता-पिझ्झा आहेच" यावर विसंबू नका. रोममध्ये समोर दिसणाऱ्या मांसाचा प्रश्न नाही, ते ओळखू येतं. फसवतात ते डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, म्हणजे ग्वांचाले, आणि आलीची, म्हणजे खारवलेले बारीक मासे. रोमच्या चार प्रसिद्ध पास्त्यांपैकी कार्बोनारा, आमात्रिचाना आणि ग्रीचा या तिन्हींत ग्वांचाले असतं. ते काढून द्या म्हटलं तरी उपयोग नाही, कारण सॉसचं तूप त्याच्याच चरबीचं. चौथा काचो ए पेपे, फक्त चीज आणि मिरी.

मासे जिथे अपेक्षितच नसतात तिथे निघतात. भोपळ्याची तळलेली फुलं बघून आपल्याला हायसं वाटतं, पण रोममध्ये त्यांच्या पोटात मोझरेलाबरोबर आलीची भरतात. पुंतारेल्ले नावाची कुरकुरीत हिरवी कोशिंबीर मार्चमध्ये सगळीकडे मिळेल, तिच्या चटणीतही तेच वाटलेलं असतं. छोल्यांचा पास्ता ए चेची सुद्धा रोमन पद्धतीत आलीचीच्या फोडणीचा. भाताच्या तळलेल्या सुप्लीत पारंपरिक रीतीने खिमा असतो.

निर्धास्त मागवा: पिझ्झा मारिनारा (टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नाही), पेन्ने आल्लाराब्ब्याता (तिखट टोमॅटो सॉसचा पास्ता) "सेन्झा फोर्माज्जो" म्हणजे चीजशिवाय, लसूण-मिरचीवर परतलेली चिकोरिया ही पालेभाजी. अंड्यासाठी एक खूण लक्षात ठेवा: स्पगेटी, पेन्ने, रिगातोनी हे सुके पास्ते रवा आणि पाण्याचे, फेत्तुचिने, तोन्नारेल्ली आणि "फ्रेस्का" लिहिलेलं काहीही बहुधा अंड्याचं. गोडात पन्ना कोत्ता टाळा, त्यात जिलेटिन असतं. तिरामिसूत कच्चं अंडं. फळांचं सोर्बेत्तो चालेल.

"सोनो वेजेतार्याना" एवढ्यावर थांबू नका, काहींच्या लेखी मासे त्यात बसतात. पुढे जोडा: "निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते आलीची." सासूबाईंसाठी "निएन्ते उओवा".

वेळ पण सांभाळा. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळात बहुतेक स्वयंपाकघरं बंद. चार वाजता भूक लागली तर वजनावर मिळणारा चौकोनी पिझ्झा हाच आधार. काउंटरमागचा माणूस ताटावर सुरी टेकवून बघतो, आपण हाताने "आणखी" किंवा "कमी" दाखवायचं. भाव बहुधा एत्तोवर, म्हणजे १०० ग्रॅमवर लिहिलेला असतो. तो किलोचा समजून घोटाळा होतो.

रानजाई
बरं झालं विचारलं, तिकिटं काढायला बसलेच होते. काचो ए पेपे म्हणजे सासूबाईंनाही चालेल ना? त्या चीज खातात, पण वासराच्या आतड्याचं विरजण असतं ते नको म्हणतात.

ताकपिठं
मग काचो ए पेपे नाही चालणार. त्यातलं पेकोरिनो रोमानो कोकराच्या रेनेटनेच साकळवायचं, असा त्या नावाचा नियम आहे. पार्मिज्यानो रेज्यानोला, म्हणजे पार्मेसानला, वासराचं. रेनेट पोटातून काढतात, आतड्यातून नाही, पण मुद्दा तोच. मेनूवर "पार्मेसान" नाही आणि वेटरने वरून किसून घातलं, असं सर्रास होतं, म्हणून मागवतानाच "सेन्झा फोर्माज्जो" सांगा. दुकानात चीज घेताना पाकिटावर "काल्यो वेजेताले" लिहिलेलं शोधा.

रविवारचं जेवण जुन्या ज्यू वस्तीत ठेवा, कॅपिटोल टेकडीवरून दहा मिनिटांवर आहे. तिथली कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारी, हॉटेलं शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारभर बंद, रविवारी उघडी. म्हणजे पायवाट यांनी उलटवलेला बेत इथेही जुळतो. जिथे दुधाचे पदार्थ वाढतात त्या कोशर हॉटेलात मांस नसतंच. मासे मात्र असतात.

मागवा कार्चोफी आल्ला जुदीया, म्हणजे ज्यू पद्धतीने तळलेले आर्टिचोक (फुलाच्या मोठ्या कळीसारखी भाजी). मार्च हा आर्टिचोकचा भर हंगाम. रोमच्या जातीला काटे नसतात, म्हणून आख्खा गड्डा वापरतात. आधी मंद तेलात शिजवतात, मग पाकळ्या दाबून उघडतात आणि कडक तेलात पुन्हा सोडतात. ताटात सूर्यफुलासारखा येतो, बाहेरच्या पाकळ्या पापडासारख्या मोडतात, देठाकडचा भाग लोण्यासारखा. एकच विचारा: "फ्रीज्जेते इल पेशे नेल्लो स्तेस्सो ओल्यो?" मासे त्याच तेलात तळता का? त्या वस्तीत बक्कालाचे मासेही तळतात, आणि छोट्या स्वयंपाकघरात कढई एकच असू शकते. "आल्ला रोमाना" हा आर्टिचोकचाच दुसरा प्रकार पुदिना-लसूण भरून झाकण ठेवून शिजवतात, तिथे तळणीचा प्रश्नच येत नाही.

पायवाट
दोन गोष्टी राहिल्या. कलोसियममध्ये मोठ्या बॅगा नेता येत नाहीत आणि ठेवायची सोयही नाही, म्हणून रविवारी सामान हॉटेलातच ठेवा. आठच्या विमानासाठी पाचच्या आत तेर्मिनी सोडा, लिओनार्दो एक्सप्रेस ही विमानतळाची गाडी ३२ मिनिटांत पोचते. ती माणशी १४ युरो, तिघांचे ४२. शुक्रवारी रात्री मात्र अधिकृत पांढरी टॅक्सी घ्या. जुन्या तटबंदीच्या आत कुठेही ठरीव ५५ युरो, माणशी नाही तर गाडीचे. १३ युरो जास्त जातील, पण सासूबाई थेट हॉटेलच्या दारात उतरतील. रांगेबाहेर "टॅक्सी, टॅक्सी" करत येणाऱ्यांबरोबर जाऊ नका.