ए विंगच्या लिफ्टवरचा कागद आणि मागच्या शेतातले बेडूक

शनिवार, सकाळ

शांतारामभाऊ (ए-१०१): ए विंगच्या लिफ्टवर कोणीतरी कागद चिकटवला होता. तो मी काढून माझ्याकडे ठेवला आहे. निळ्या स्केचपेनने लिहिलंय, "सावधान! ए विंगमध्ये गोरमांड राहतो. बेडूक वाचवा." खाली माझं चित्र, टोपीसकट. मी या सोसायटीत पहिल्या दिवसापासून राहतोय. ज्यांच्या मुलांचा हा उद्योग असेल त्यांनी आज संध्याकाळपर्यंत माझ्या घरी येऊन खुलासा करावा.

गौरेश (सी-२०२): भाऊ, गोरमांड म्हणजे कोण?

शांतारामभाऊ (ए-१०१): तेच मी विचारतोय. शिवी असेल तर तसं सांगा.

संजना (बी-३०४): शिवी नाही हो भाऊ. मुलं 'वाइल्ड क्रॅट्स' म्हणून एक मालिका बघतात. ख्रिस आणि मार्टिन असे दोघे भाऊ असतात, एक हिरव्या कपड्यात, एक निळ्या. जंगली प्राण्यांना वाचवत फिरतात. त्यात गोरमांड नावाचा आचारी आहे, तो दुर्मिळ प्राणी पकडून रांधायला निघालेला असतो. तो कागद करणाऱ्यांत आमची आर्या होती. नावानिशी कोणाचं चित्र काढायचं नाही, हे तिला मी सांगितलंय. संध्याकाळी घेऊन येते.

शांतारामभाऊ (ए-१०१): म्हणजे मी दुर्मिळ प्राणी रांधतो?

रोहिदास (बी-२०१): गेल्या पावसाळ्यातली पिशवी कोणाला आठवते का? 🙂

शांतारामभाऊ (ए-१०१): त्या पिशवीत खुबे होते, शिंपल्यातले. तेव्हाही सांगितलं, एजीएममध्येही सांगितलं.

रोहिदास (बी-२०१): खुबे पिशवीत उड्या मारत नाहीत भाऊ.

उल्हास (सेक्रेटरी): रोहिदास, कृपया. तो विषय संपलेला आहे.

विश्वासकाका (सी-१०१): नमस्कार मंडळी. मागच्या भिंतीकडचे दोन्ही दिवे पंधरा दिवस बंद आहेत. मुलांनी आठनंतर तिकडे जाऊ नये. दिवे लावावेत.

डॉ. नूतन (ए-३०१): कागदाचं नंतर बघू. काल रात्री साडेनऊला मी ड्युटीवरून आले तेव्हा पाच मुलं पंप हाउसच्या मागे गवतात होती. रेनकोट सगळ्यांना, पण पायात चपला. मिरगाचा पाऊस नुकताच पडलाय, बिळांत पाणी शिरलंय, घोणस, मण्यार, फुरसं सगळं याच दिवसांत बाहेर पडतं. चापडा तर आपल्याकडे भिंतीच्या दगडांतही सापडतो आणि त्यातल्या एका जातीच्या विषावर नेहमीचं इंजेक्शन लागू पडत नाही. पालक कुठे असतात?

संजना (बी-३०४): डॉक्टर, मी खिडकीतून बघत होते. पंप हाउस म्हणजे त्यांची 'तोर्तुगा' आहे, मालिकेतलं कासवाच्या आकाराचं विमान. तिथून पुढे जायचं नाही असं ठरलेलं होतं.

डॉ. नूतन (ए-३०१): खिडकीतून साप दिसतो का संजना? आमच्या निहारने मला काय सांगितलं ऐक. त्या मालिकेत प्राण्याची ताकद अंगात यायची तर आधी त्या प्राण्याला हात लावावा लागतो, मगच सूट चालू होतो. म्हणून ही मुलं शेतात बेडकाला हात लावून येतात. आज बेडूक आहे. उद्या धामण दिसली तर? आणि ती धामण नसली तर?

मनीषा (ए-२०३): बाप रे. हे माहीतच नव्हतं.

रोहिदास (बी-२०१): मग बंद करा ना मालिका. टॅब काढून घ्या, प्रश्न मिटला. परदेशातल्या दोघा भावांनी आमच्या पोरांना बेडूक शिकवायचा?

गौरेश (सी-२०२): टॅब काढला तर पोरं घरात राहतील, मग आम्ही शेतात जाऊ 😄

विश्वासकाका (सी-१०१): नमस्कार. मागच्या भिंतीकडचे दोन्ही दिवे बंद आहेत. दिवे लावावेत.

मंगलाबाई (बी-१०२): मी बराच वेळ वाचतेय. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, म्हणून थोडं लांब लिहिते, राग मानू नका.

नूतनचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि त्यावर आजच काहीतरी ठरलं पाहिजे. पण मालिका बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी ती बघावी. मी आर्याबरोबर बसून बघितली. २०११ पासून चालू आहे. सुरुवातीला आणि शेवटी ते दोघे भाऊ खरेखुरे असतात, खऱ्या जंगलात, खऱ्या प्राण्याजवळ. मधला भाग कार्टून. आणि त्या कार्टूनमध्ये सापाने बेडूक गिळला तर साप वाईट ठरत नाही, ती त्याची भूक. वाईट ठरतात ती माणसं. एकजण प्राणी रांधायला बघतो, एकीला त्यांचे कपडे आणि दागिने करून मिरवायचं असतं, एकाला त्यांना आपल्या यंत्रांच्या कामाला जुंपायचं असतं. सात वर्षांच्या मुलाला याहून सोपं करून मला तरी वर्गात कधी सांगता आलं नसतं.

आता मुलांनी काय केलं बघा. मालिकेत आपला बेडूक असो नसो, त्यांनी तो आपल्या मागच्या शेतात शोधला. पहिल्या मोठ्या पावसाला हे मोठे बेडूक एकदमच बाहेर येतात. नर पिवळेजर्द होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर ओरडतात. थोड्याच रात्री विणीचा जोर असतो. त्याच रात्री माणसं बॅटरी आणि गोणी घेऊन येतात, कारण आवाजावरून जागा कळते आणि डोळ्यांवर उजेड पडला की बेडूक हलत नाही. अंडी घालायच्या आधीच पकडला तर पुढचं वर्ष गोणीत गेलं. १९७२च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे, शेत आपलं असो की परक्याचं. हॉटेलात 'जंपिंग चिकन' म्हणून काय मिळतं ते आपल्या गोव्यात, फोंड्यात कोणाला समजावून सांगायला नको.

गौरेश (सी-२०२): बाई, जून-जुलै मासेमारी बंद. माणसाने खायचं काय? शिवराक, नुसतं शाकाहारी?

मनीषा (ए-२०३): सुकी सुंगटं कर की. नाहीतर माझ्याकडे ये, किसमूर देते.

गौरेश (सी-२०२): वहिनी किती वाजता येऊ?

रोहिदास (बी-२०१): बघा, झाला विषय भरकटवून. मी मालिकेबद्दल बोलत होतो.

शांतारामभाऊ (ए-१०१): मंगलाबाई, तुमचा मान राखून बोलतो. आम्ही लहान असताना मिरग लागला की वडील शेतात न्यायचे. चढणीचे मासे, कुर्ल्या, आणि हो, बेबे, म्हणजे बेडूक. आई दारात भांडं घेऊन उभी असायची. घरात दुसरं काही नव्हतं. तेव्हा त्याच बेडकांच्या तंगड्या इथून परदेशी जायच्या, पेट्या भरून, सरकारच्या परवान्याने. तो आचारी कोण होता मग? आज सात वर्षांची मुलगी मला खलनायक म्हणते आणि सगळे कौतुक करतात.

मंगलाबाई (बी-१०२): कौतुक कागदाचं नाही भाऊ. तो कागद मलाही आवडला नाही, आणि आर्याला मी स्वतः तसं सांगणार आहे. तुम्ही म्हणता ते खरं आहे, पेट्या भरून जात होतं. म्हणूनच १९८७ साली ती निर्यात बंद केली. तुमच्या आईने रांधलं ते घरच्या ताटापुरतं, आणि तेव्हा कुर्टीपासून खाली नजर जाईल तिथपर्यंत शेतं होती. आता आपल्या मागे एक तुकडा उरलाय, त्याच्याही तीन बाजूंना बांधकाम आलंय. तिथले बेडूक पकडून नेले तर पुन्हा यायला वाट कुठली आहे? किडे, नाकतोडे, उंदराची पिल्लंसुद्धा खातो तो. शेतकरी बांधावर तणनाशक मारतो, वर आपण माणसं पाठवतो गोण्या घेऊन.

रोहिदास (बी-२०१): बेडकांवरून एवढं? वाघ असता तर समजलो असतो.

मंगलाबाई (बी-१०२): वाघ होते रोहिदास. जानेवारी २०२०, सत्तरीत गोळावली, म्हादईचं अभयारण्य. वाघीण आणि तिची पिल्लं मिळून चार वाघ विषाने मेले. गुरं मारली म्हणून कोणी घातलं असेल, त्या माणसाचं नुकसानही खरंच होतं. पण आपण काय केलं? दोन दिवस याच ग्रुपवर फोटो फिरवले आणि तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरवर भांडलो. ही मुलं निदान रात्री पावसात जाऊन उभी राहतात. त्यांना घरात कोंडायचं की त्यांच्याबरोबर कोणीतरी उभं राहायचं, एवढाच प्रश्न आहे.

संजना (बी-३०४): 🙏

रोहिदास (बी-२०१): टँकरचा विषय काढला म्हणून सांगतो, बी विंगला तेव्हाही पाणी कमी मिळालं होतं.

उल्हास (सेक्रेटरी): रोहिदास, नको. प्लीज.

विश्वासकाका (सी-१०१): आणि दिवे?

शनिवार, रात्र

मनीषा (ए-२०३): मागच्या शेतात बॅटऱ्या दिसतायत. तीन तरी असतील. कोणाची मुलं खाली आहेत का?

संजना (बी-३०४): आर्या घरात आहे.

डॉ. नूतन (ए-३०१): निहार घरात. पण हुंदके देऊन रडतोय, खाली सोड म्हणून.

गौरेश (सी-२०२): गेटच्या पलीकडे दोन मोटरसायकली लावल्यात. गोणी आहे. मी टेरेसवरून बघतोय.

मंगलाबाई (बी-१०२): उल्हास, वनखात्याला फोन लाव. कोणी एकटं जाऊ नका. भांडायचं नाही, फक्त दिसत राहायचं.

उल्हास (सेक्रेटरी): लावला. गार्ड निघालाय, वीस मिनिटं म्हणाला.

फ्रान्सिस अंकल (सी-३०१): हांव येतां. म्हजेकडे व्हडलो टॉर्च आसा.

शांतारामभाऊ (ए-१०१): थांबा. त्या पोरांना मी ओळखतो. गेल्या वर्षी हेच आले होते. मी बोलतो.

रोहिदास (बी-२०१): ओळखता?

मंगलाबाई (बी-१०२): रोहिदास, आता नाही. भाऊ, गमबूट घाला आणि उल्हासबरोबर जा.

गौरेश (सी-२०२): भाऊ, उल्हास, फ्रान्सिस अंकल बांधावर पोचले. भाऊ हातवारे करतायत. एक पोरगा उलट बोलतोय. आता गप्प झाला.

गौरेश (सी-२०२): गाड्या सुरू झाल्या. गेले.

मनीषा (ए-२०३): गोणी?

गौरेश (सी-२०२): बांधावर टाकून गेले.

उल्हास (सेक्रेटरी): गोणी आमच्याजवळ आहे, तोंड सुतळीने बांधलंय. गार्ड येईपर्यंत उघडायची नाही असं फोनवर सांगितलंय. आतून ओरडतायत. गोणीला हात लावला तर हाताखाली हलतं.

संजना (बी-३०४): आर्याला खाली आणू का? दोन मिनिटं, माझ्या हाताला धरून.

डॉ. नूतन (ए-३०१): बूट असतील तर आण. मीही निहारला घेऊन येते. बांधावर नाही, सिमेंटच्या वाटेवरच उभं राहायचं.

उल्हास (सेक्रेटरी): गार्ड आला. फोटो काढले, लिहून घेतलं, गोणी शेताच्या खालच्या टोकाला नेऊन सोडली. काही मेलेले निघाले, खाली दबलेले. बाकीचे पाण्यात गेले. गाड्यांचे नंबर गौरेशने टेरेसवरून टिपले होते, ते दिले. गार्ड म्हणाला, विणीच्या रात्री अजून संपलेल्या नाहीत, परत येतील.

मंगलाबाई (बी-१०२): धन्यवाद तिघांनाही. भाऊ, तुम्हाला विशेष.

शांतारामभाऊ (ए-१०१): ठीक आहे. पण त्या पोरांचीही घरं आहेत, त्यांना चोर म्हणून इथे नावं टाकू नका. विकत घेणारा हॉटेलवाला आज घरी झोपलाय.

मंगलाबाई (बी-१०२): हे अगदी खरं बोललात.

रविवार, सकाळ

उल्हास (सेक्रेटरी): काल रात्री बसून ठरलेलं लिहितो. मुलांची फेरी रोज सहा ते साडेसात, तीही सिमेंटच्या वाटेवरूनच. सोबत दोन मोठी माणसं हवीतच, हा आठवडा मंगलाबाई आणि फ्रान्सिस अंकल. गमबूट नसेल तर मूल घरी. कुठल्याही प्राण्याला हात लावायचा नाही, सूट चालू होवो न होवो. रात्री शेतात उजेड दिसला तर मुलांनी खाली यायचं नाही, ग्रुपवर टाकायचं, फोन मी करेन. कोणाच्याही नावाने वा चित्राने कागद लावायचा नाही.

रोहिदास (बी-२०१): हे सगळं कमिटीत न ठेवता ठरलं, याची नोंद घ्यावी.

विश्वासकाका (सी-१०१): नमस्कार. दिव्यांचं काय ठरलं?

उल्हास (सेक्रेटरी): काका, इलेक्ट्रिशियन सोमवारी येतोय.

मंगलाबाई (बी-१०२): उल्हास, दिवे वाटेपुरते, तोंड खाली करून लाव. शेतावर झोत नको.

विश्वासकाका (सी-१०१): वाटेवर लागले तरी चालेल. लागू दे.

डॉ. नूतन (ए-३०१): तिस्कावर मुलांचे गमबूट कुठे मिळतात? निहारचे गेल्या वर्षीचे होत नाहीत.

मनीषा (ए-२०३): मिळतात. मी दहा वाजता बाजारात जातेय, नंबर टाका, घेऊन येते.

डॉ. नूतन (ए-३०१): १३.

संजना (बी-३०४): आर्याला २ नंबर. निळे असले तर बघ, हिरवे नको म्हणते, ती मार्टिन आहे.