2011 ची डिझेल गाडी घाटात दम सोडते, तीन गॅरेजांची तीन मतं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणची. गाडी बाबांची. 1.3 लिटरचं कॉमन रेल डिझेल इंजिन, नोव्हेंबर 2011 चं पासिंग, आजवर 1 लाख 86 हजार किलोमीटर. बाबा गेल्यापासून मीच चालवते. आईला तपासणीसाठी दर पंधरा दिवसांनी कराडला न्यावं लागतं, म्हणजे कुंभार्ली घाट जाताना एकदा आणि येताना एकदा. एसटीचा प्रवास तिला आता झेपत नाही, त्यामुळे गाडी चालती राहणं माझ्यासाठी फार गरजेचं आहे.

त्रास असा. सकाळी थंड गाडीला आठ-दहा सेकंद सेल्फ मारावा लागतो. चालू झाली की मिनिटभर पांढरा धूर सोडते, थरथरते आणि मग शांत होते. दिवसभरात पुन्हा चालू करताना काहीच तक्रार नसते. दुसरं म्हणजे पोफळी मागे पडून चढ लागला की तिसऱ्या गिअरवर अडीच हजार आरपीएमच्या आसपास एकदम ओढ जाते आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मग कितीही ॲक्सिलरेटर दिला तरी गाडी रांगतच चढते. बाजूला घेऊन बंद केली, दोन मिनिटांनी चालू केली की पुन्हा ठीक. मागच्या खेपेला वळणावर हे झालं तेव्हा मागे उसाचा ट्रक होता आणि आई शेजारी बसली होती. ते दोन मिनिटं अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. तिसरी गोष्ट ऑइलची. हजार किलोमीटरमागे साधारण चारशे मिली कमी होतं, पण पार्किंगच्या फरशीवर थेंब दिसत नाही.

तीन ठिकाणी दाखवली. पहिल्यांनी चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून वाफ दाखवली आणि म्हणाले, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन बांधावं लागेल, 75 ते 80 हजार. दुसऱ्यांनी सिलिंडरात डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर नवे टाकायला सांगितलं, तिसऱ्यांनी इंजिनात जास्त हवा ढकलणारा टर्बो. गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर तिघांपैकी एकानेही लावला नाही.

येत्या नोव्हेंबरात 15 वर्षं भरतात, म्हणजे फिटनेस दाखवून पुढच्या 5 वर्षांचं पासिंग करावं लागेल. त्याची फी, पर्यावरण कर हे सगळं धरून खर्च करायचा की गाडी काढून टाकायची हे ठरवायचं आहे. इंजिन खरंच संपलंय का, हे ते न खोलता कळतं का? कळत असेल तर आधी काय तपासायचं?

प्रतिसाद – घाटवाट

ताई, इंजिन अजिबात खोलू देऊ नका. झाकण काढल्यावर थोडी वाफ या वयाच्या कुठल्याही डिझेलला दिसते. एक करून बघा. इंजिन गरम असताना झाकण आट्यांवर न फिरवता नुसतं तोंडावर ठेवा. उडून पडलं किंवा जोरात नाचलं तर रिंगांचा संशय घ्यायचा. हळूच हलत राहिलं तर घाबरायचं कारण नाही. पक्कं उत्तर कॉम्प्रेशन टेस्टनेच मिळतं, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते मोजून. ती थंड सिलिंडर तापवणाऱ्या हीटर प्लगच्या भोकातून होते, त्यासाठी हेड उतरवावं लागत नाही. चांगल्या इंजिनाला 25 ते 30 बार येतात. एखाद्या सिलिंडरला 20 च्या खाली आले आणि बाकीचे वर असतील, तर मात्र प्रश्न आहे. प्लग काढताना इंजिन कोमट असू द्या. थंड इंजिनात अडकलेला प्लग हेडमध्येच मोडतो आणि तो काढण्याचं काम मूळ दुखण्यापेक्षा महाग पडतं.

त्याही आधी फोनला जोडायचा ओबीडी स्कॅनर घ्या, हजार-दीड हजारात मिळतो. घाटात दिवा लागल्यावर कुठला कोड आला ते इथे टाका. पी 0087 म्हणजे रेलमध्ये (चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत) डिझेलचा दाब कमी पडतोय, पी 0299 म्हणजे टर्बो पुरेशी हवा देत नाही. दोन्हीत गाडी अशीच दम सोडते, पण दुखणी अगदी वेगळी. कोड न बघता टर्बो बदला म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

प्रतिसाद – पंपनोझल

सांगलीकडे वीस वर्षं इंजिनाच्या डिझेल पंपांच्या दुरुस्तीचं काम करतोय. थंड इंजिनाची उशिराची सुरुवात आणि चढावरची कमी ओढ एकत्र आली की माझं पहिलं लक्ष रिटर्नकडे, म्हणजे इंजेक्टरमधून परत जाणाऱ्या डिझेलकडे जातं. रेलमध्ये साधारण 200 ते 250 बार दाब जमल्याशिवाय ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंजेक्टरला फवारू देत नाही. इंजेक्टरची आतली झडप झिजली की डिझेल सिलिंडरात जाण्याऐवजी परतीच्या नळीने टाकीत जातं. मग सेल्फवर दाब जमायला वेळ लागतो, आणि चढावर हजाराच्या वर दाब हवा असतो तेव्हा पंपाला तो पुरवता येत नाही. तपासणी सोपी आहे. चारही परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन पाच मिनिटं आयडलिंगवर ठेवायचं आणि बाटल्या शेजारी शेजारी ठेवून बघायचं. एकच खराब असेल तर एकच दुरुस्त करायचा. चारही नवे टाकण्याची गरज फार क्वचित पडते.

अजून एक. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा घट्ट थर दिसतो का आणि चालू इंजिनावर ‘चुक चुक’ असा आवाज येतो का, तेही बघा. येत असेल तर खालचा तांब्याचा वॉशर गेलाय. वॉशर काही रुपयांचा, पण तसाच चालवला तर हेडमधली बैठक जळते.

सकाळी लवकर चालू व्हावी म्हणून कुणाला हवेच्या पाइपात स्टार्टिंग स्प्रे मारू देऊ नका. हीटर प्लग तापलेले असतात, वाफ भलत्या वेळी पेटते आणि पिस्टन फुटतो. असं फुटलेलं इंजिन मी स्वतः खोललंय.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. झाकण नुसतं ठेवलं होतं, जागेवरच हललं, पडलं नाही. स्कॅनर घेतला. काल घाटात भाचा शेजारी बसून आकडे वाचत होता. चढ लागल्यावर ईसीयूने मागितलेला रेलचा दाब 1150 बार आणि मिळालेला 1100, मग 900, मग 700, आणि लगेच दिवा. कोड पी 0087. टर्बोचा एकही कोड नाही.

डिझेल फिल्टर कधी बदलला होता ते बाबांच्या डायरीत शोधलं. 31 हजार किलोमीटरपूर्वी! घरी परतल्यावर फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या ग्लासात धरलं. वर डिझेल आणि तळाला दोन बोटं पाणी, त्यात लालसर गंजाचे कण. हे पाणी येतं कुठून?

प्रतिसाद – पंपनोझल

कोकणातल्या पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवली की वरच्या हवेतला ओलावा आतून धरतो. पेट्रोल पंपाच्या टाकीतूनही येतं. डिझेल हेच इंजिनाच्या डिझेल पंपाचं आणि इंजेक्टरचं वंगण, त्यात पाणी आलं की आतले भाग गंजतात आणि झिजतात. फिल्टर आधी बदला, मग रिटर्न तपासा, नाहीतर नवी दुरुस्तीही तशीच जाईल. पुढे दर महिन्याला ड्रेन सोडा आणि 20 हजारांच्या आत फिल्टर बदला.

प्रतिसाद – घाटवाट

आता ऑइलबद्दल, कारण ते मला दाबापेक्षा जास्त खुपतंय. तुमच्या इंजिनाला टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारी साखळी) असेल तर तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल खाली गेलं की चेन सैल पडून खडखडते, आणि ती दात चुकली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. म्हणून दर रविवारी सपाट जागेवर डिपस्टिक बघा.

फरशीवर थेंब नसेल तर ऑइल बहुधा टर्बोतून हवेच्या वाटेने आत जातंय. इंजिन थंड असताना टर्बोकडे येणारा हवेचा पाइप काढून पात्याचा दांडा बोटांनी हलवा. आडवा किंचित हलणार, ते चालतं. आत-बाहेर हलला तर टर्बो उघडावा लागेल. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजमध्ये नुसता ओलावा असतोच, वाटीभर ऑइल साचलेलं नसावं.

आणि हे आईला घेऊन फिरता म्हणून सांगतो. टर्बोतून जास्त ऑइल आत गेलं तर डिझेल इंजिन तेच जाळून स्वतःच रेस होत जातं आणि किल्ली काढूनही थांबत नाही. तसं झालं तर ब्रेक पूर्ण दाबून धरा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. क्वचितच होतं, पण तेव्हा विचार करायला वेळ मिळत नाही. घाट चढून आल्यावर लगेच बंदही करू नका. मिनिटभर चालू राहू द्या, टर्बोच्या बेअरिंगला ऑइल मिळत राहतं.

धागाकर्ती

कळवायला तीन आठवडे लागले, पण काम पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

फिल्टर बदलून टाकी साफ करून घेतली. घाटातला त्रास कमी झाला, सकाळचा तसाच राहिला. मग कराडला डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्यांकडे चार बाटल्या लावल्या. मी शेजारी उभी होते. पाच मिनिटांत तीन बाटल्यांच्या तळाला जेमतेम बोटभर डिझेल आणि तिसऱ्या सिलिंडरची बाटली गळ्यापर्यंत भरलेली. सांगायला कुणाची गरजच नव्हती. तो एकच इंजेक्टर बेंचवर (तपासणीच्या यंत्रावर) उघडून झडप आणि फवारणारं तोंड म्हणजे नोझल बदललं, नवा तांब्याचा वॉशर घातला आणि बेंचवर निघालेला त्या इंजेक्टरच्या फवाऱ्याचा नवा कोड ईसीयूत भरला. हीटर प्लग मल्टिमीटरने तपासले. दोघांना एक ओहमच्या आसपास रेझिस्टन्स आला, उरलेल्या दोघांतून वीजच जात नव्हती. ते दोन नवे टाकले. त्याच भोकांतून कॉम्प्रेशन बघून घेतलं. चारही सिलिंडर 25 ते 27 च्या दरम्यान. इंजिन बांधायची काहीच गरज नव्हती. सगळं मिळून 80 हजारांच्या पाव भागातही गेलं नाही.

आता सकाळी दोन सेकंदांत चालू होते. रविवारी कुंभार्ली तिसऱ्या गिअरवर चढले, त्याच वळणावरून. मागितला 1180, मिळाला 1165. भाचा आकडे वाचत होता आणि आई मागच्या सीटवर झोपली होती.

टर्बोचा दांडा आत-बाहेर हलत नाही, पण होजमध्ये साधारण दोन चमचे ऑइल निघालं आणि ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा) पाइप काजळीने अर्धा बुजला होता. तो साफ केलाय. ऑइल नवं भरून वरच्या खुणेपर्यंत ठेवलंय, आता 1,86,940 किलोमीटर. हजार झाले की किती उतरलं ते इथेच लिहिते. तेव्हाही चारशे मिली गेलं तर टर्बोचे सील बदलायचे की अजून काही बघायचं, ते कृपया सांगून ठेवा.