घरचीच पोरं आधी का विकली जातात

काही जण म्हणतात की इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगमध्ये 2025-26 च्या हंगामापर्यंत असलेला, 3 वर्षांत 105 मिलियन पाउंडांवर तोटा नको हा नियम क्लबांना ताळ्यावर आणायला बरोबरच होता. हेतू मलाबी पटतो, पण त्याचा मार कुणावर बसला ते बघा. विकत आणलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर वाटून खर्ची पडते, मधेच विकला तर उरलेली रक्कम वजा करूनच फायदा धरतात. अकॅडमीतल्या, म्हणजे क्लबनं स्वतःच लहानपणापासून घडवलेल्या पोराची हिशोबात किंमत शून्य, म्हणून त्याचा आलेला सगळा पैसा फायदाच. आमच्या उदगीरकडं हाळीच्या बाजारात घरच्या देवणी गाईचं वासरू विकावं, तसं.

चेल्सीनं 2023 ला मेसन माउंट मँचेस्टर युनायटेडला विकला, तो सहा वर्षांचा असल्यापासून तिथंच वाढलेला, पुढच्या वर्षी गॅलाघर गेला तोबी अकॅडमीतलाच. आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबचं बघा, ब्रेनन जॉन्सन घरचाच, जास्त पैसे मिळावेत म्हणून थांबले आणि 1 सप्टेंबर 2023 ला स्पर्सला (टॉटनहॅम क्लबला) विकला, पण हिशोब 30 जूनलाच बंद झालेला, ते पैसे त्या वर्षात धरलेच नाहीत आणि तोटा मर्यादेबाहेर गेला म्हणून लीगमधले 4 गुण कापले. म्हणजे जूनमध्येच पडेल भावात विकायला हवं होतं असं झालं, हे मला लई चुकीचं वाटतं.