चिप-८ एम्युलेटर: लोगो नीट दिसतो, पण गेम बिघडतात

प्रश्न
सी भाषा आणि एसडीएल (चित्र-आवाजाची लायब्ररी) वापरून चिप-८ चा, म्हणजे छोटे जुने गेम चालवणाऱ्या एका काल्पनिक संगणकाचा, एम्युलेटर (त्याची नक्कल करणारा प्रोग्राम) लिहितोय. आयबीएम लोगो दाखवणारा रॉम (प्रोग्रामची फाइल) स्वच्छ दिसतो. पाँगमध्ये (टेबल टेनिससारखा गेम) स्कोअर ० असेपर्यंत ठीक, १ झाला की भलतीच आकृती येते. चेंडू सुसाट सुटतो आणि सर्व्हिसच्या आधी थांबतही नाही. स्पेस इन्व्हेडर्सची तर सगळी रांग विस्कटते. मेमरीत फॉन्ट (आकड्या-अक्षरांच्या आकृत्या) हेक्स ५० (हेक्स म्हणजे १६ च्या पायातली संख्या) या पत्त्यावर, रॉम हेक्स २०० वर. टायमर दर इन्स्ट्रक्शनला (प्रोग्रामचा एक आदेश) एकने कमी करतो.

उत्तर १
लोगोवर भिस्त ठेवू नका. तो रॉम जेमतेम सहा प्रकारच्या इन्स्ट्रक्शन वापरतो. त्यात जिचा कोड ८ ने सुरू होतो अशी एकही नाही.

शून्य बरोबर आणि एक चुकीचा, म्हणजे एफएक्स२९ मध्ये (आकड्याच्या आकृतीचा पत्ता काढणारी इन्स्ट्रक्शन) ५ ने गुणायचं राहिलंय. प्रत्येक अक्षर ५ बाइटचं असतं, त्यामुळे पत्ता हेक्स ५० + ५ × आकडा असा हवा. आत्ता तुम्हाला शून्याच्या खालच्या चार ओळी आणि एकाची पहिली ओळ मिळून दिसत असणार.

उत्तर २
वेगाची दुखणी दोन आहेत, वेगवेगळी. टायमर सेकंदाला ६० वेळाच कमी व्हायला हवा, इन्स्ट्रक्शन कितीही चालोत. पाँग सर्व्हिसआधी टायमर ९६ वर लावतो, म्हणजे १.६ सेकंद, तुमच्याकडे तो क्षणात संपतो. चेंडूचा वेग मात्र इन्स्ट्रक्शनच्या संख्येवर ठरतो. दर फ्रेमला (पडद्यावरचं एक चित्र, सेकंदाला ६०) १० ते १२ इन्स्ट्रक्शन चालवा, मग एकदा टायमर कमी करा, मग चित्र काढा. याच क्रमाने.

उत्तर ३
स्पेस इन्व्हेडर्सचं कारण इतिहासात आहे. १९७७ च्या कॉस्मॅक व्हीआयपी या संगणकावर ८एक्सवाय६ आणि ८एक्सवायई या इन्स्ट्रक्शन व्हीवायचे बिट एक घर सरकवून उत्तर व्हीएक्समध्ये ठेवत (व्हीएक्स, व्हीवाय म्हणजे व्ही० ते व्हीएफ या रजिस्टरांपैकी, छोट्या साठवण-खणांपैकी, कोणतेही दोन), आणि रजिस्टर मेमरीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या एफएक्स५५, एफएक्स६५ नंतर आय (मेमरीचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) पुढे जाई. १९९० च्या सुमारास एचपी-४८ कॅल्क्युलेटरवर सुपर-चिप ही चिप-८ ची वाढीव आवृत्ती आली, तिच्यात व्हीएक्स जागच्या जागीच सरकतो आणि आय हलत नाही. या गेमची सर्रास मिळणारी आवृत्ती दुसऱ्या पद्धतीवर बेतलेली आहे. दोन्ही वागणुकी स्वतंत्र स्विचवर ठेवा. एकच पद्धत कोडमध्ये पक्की केलीत तर अर्धे जुने रॉम चालणार नाहीत.

उत्तर ४
८एक्सवाय४ (बेरीज) आणि ८एक्सवाय५ (वजाबाकी) सुद्धा तपासा. बेरीज १६ बिटमध्ये करा, नाहीतर कॅरी (८ बिटांत न मावणारा हातचा) हातातून निसटतो. वजाबाकीत व्हीएक्स व्हीवायएवढा किंवा मोठा असेल तर व्हीएफ १. इथे बरेचजण उलटं लिहितात. फ्लॅग (व्हीएफमधली ही ० किंवा १ ची खूण) नेहमी शेवटी लिहा: आधी लिहिला आणि एक्स किंवा वाय स्वतःच एफ असेल, तर गणित बिघडतं. ७एक्सएनएन (व्हीएक्समध्ये ठरावीक आकडा मिळवणारी) मात्र व्हीएफला हात लावत नाही.

प्रश्नकर्ता
५ चा गुणाकारच राहिला होता, टायमरही वेगळा केला. पाँग नीट चालतोय. आता स्विच घालतो.